सत्तर अक्षरांत निरोप

मी वैरागहून बोलते आहे. इथल्या बचत गटांच्या हिशेबाचं काम मी बघते, आणि आमच्या घरचं रिचार्जचं दुकानही आहे. आजचा विषय त्या दुकानाच्या काउंटरवरच मिळाला. "ताई, पोरगं दुबईला हाय. त्याला साधा मेसेज जातो का वो?" हा प्रश्न सासुरे, रातंजन, मालवंडी अशा गावांतून आलेल्या किती बायांनी विचारला असेल, मोजलेलं नाही.

जातो की. साध्या बटणाच्या फोनवरून जातो, इंटरनेट नसलं तरी जातो. पण जाण्याआधी काही गोष्टी माहीत पाहिजेत. नाहीतर पैसे कापले जातात आणि निरोप वाटेत राहतो.

आता कुणी म्हणेल, व्हॉट्सॲप असताना मेसेजची काय गरज? बरोबर आहे. ज्यांच्याकडे मोठा फोन आहे, नेट आहे, त्यांनी खुशाल व्हॉट्सॲप वापरावं. पण आपल्या सगळ्यांच्या घरी तसं आहे का? मोठा फोन बहुतेक वेळा धाकट्या दिराकडे नाहीतर कॉलेजच्या पोराकडे असतो. सासूबाईंकडे आणि आपल्याकडे बटणाचा फोन. रानात गेलं की नेट जातं. आणि दुबई, अबुधाबी, शारजा या अमिरातीतल्या गावांत व्हॉट्सॲपवर लिहिता येतं, पण बोलता येत नाही, तिथल्या सरकारनं ते बंद ठेवलेलं आहे. "तो फोनच उचलत नाही" म्हणून रडणाऱ्या आईला हे कुणीतरी सांगायला पाहिजे.

शिवाय अडचणीच्या वेळी कामाला येतो तो मेसेजच. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं, तेव्हा महाराष्ट्रातली पुष्कळ मुलं-मुली तिथं डॉक्टरकी शिकत होती. तळघरात बसायचं, बॅटरी पुरवून वापरायची. अशा वेळी लांबलचक बोलणं परवडत नाही. "सुखरूप आहे" एवढे दोन शब्द घरी पोचले की आई पुढचा घास घेते. साध्या मेसेजला नेट लागत नाही, फोनला टॉवर सापडला की पुरे. समोरचा फोन बंद असला तर कंपनीचं यंत्र मेसेज काही काळ राखून ठेवतं आणि फोन सुरू झाला की पोचवतं. शेजारीण आपलं टपाल ठेवून घेते आणि आपण आल्यावर देते, तसंच. फक्त ही शेजारीण जन्मभर ठेवून घेत नाही. ठरावीक मुदत संपली की मेसेज जातो केराच्या टोपलीत. म्हणून दोन-तीन दिवसांत उत्तर नाही आलं तर पुन्हा पाठवायचा.

आता नंबर. सगळ्यात जास्त मेसेज इथंच अडकतात. प्रत्येक देशाला एक आकडा दिलेला आहे, आपल्या गावाच्या पिनकोडसारखा. भारताचा ९१. अमिरातीचा ९७१, सौदीचा ९६६, कतारचा ९७४, कुवेतचा ९६५, ओमानचा ९६८, बहारीनचा ९७३. इंग्लंडचा ४४, जर्मनीचा ४९, ऑस्ट्रेलियाचा ६१, आणि अमेरिकेचा नुसता १. या आकड्याच्या आधी अधिकचं चिन्ह, म्हणजे प्लस, लावायचं. फोनवर शून्याचं बटण दाबून धरलं की प्लस उमटतो. काही साध्या फोनवर स्टारचं बटण दोनदा दाबावं लागतं. प्लस म्हणजे कंपनीला सांगणं, की बाई, हा नंबर आपल्या देशातला नाही, पुढचा आकडा बघ आणि त्या देशाला धाड.

यात एक गोम आहे. दुबईतला मुलगा तिथल्या तिथं नंबर सांगताना शून्यापासून सांगतो, शून्य पाच अमुकतमुक. इंग्लंडातला शून्य सात सांगतो. ते पहिलं शून्य फक्त त्या देशाच्या आतलं. आपण देशाचा आकडा लावला की ते शून्य गाळायचं. प्लस ९७१, आणि मग थेट पाच. शून्य तसंच ठेवलं की मेसेज जात नाही आणि आपल्याला कळतही नाही. हे त्याच्याही बाजूनं आहे. त्यानं आपला नंबर नुसता दहा आकडी साठवलेला असेल तर तिकडून आपल्याला मेसेज येणार नाही. जाण्याच्या आधीच, घरात बसूनच, त्याच्या फोनमध्ये घरातले सगळे नंबर प्लस ९१ लावून साठवून द्या. बॅगेत चटणी-लोणचं भरण्याइतकंच हे महत्त्वाचं काम आहे, आणि चटणी विमानतळावर काढून घेतात तसं हे कुणी काढून घेत नाही.

पैशाचं बघू. दुकानात रोजचं भांडण यावरूनच. "आवं, मी तीन म्हयन्याचा रिचार्ज मारलाय, दिवसाला शंभर मेसेज फुकट हायत, मग हा मेसेज का जात न्हाई?" ते शंभर मेसेज भारतातल्या भारतात. परदेशच्या मेसेजचे पैसे मुख्य शिल्लकीतून कापले जातात, आणि आपल्या तीन महिन्यांच्या रिचार्जमध्ये मुख्य शिल्लक शून्य असते. त्यासाठी वेगळा टॉप-अप मारावा लागतो. दहा रुपयांचा टॉप-अप मारला की कर आणि कंपनीचं शुल्क जाऊन खात्यात सात रुपये सत्तेचाळीस पैसे येतात. परदेशच्या एका मेसेजला साधारण पाच रुपये पडतात, कंपनीप्रमाणे कमीजास्त. म्हणजे दहाच्या टॉप-अपात एकच मेसेज. दोन पाठवायचे असतील तर वीसचा मारा. आणि आधी आपल्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून दोन गोष्टी विचारा: माझ्या नंबरवरून परदेशात मेसेज जातो का, आणि अमुक देशाला एका मेसेजचे किती. येणाऱ्या मेसेजला आपल्याला इथं पैसे पडत नाहीत. मुलानं तिकडून पाठवला तर तिकडचा दर त्याला लागतो.

मुलानं इकडचंच सिम तिकडे नेलं असेल आणि ते रोमिंगवर सुरू असेल, तर गोष्ट वेगळी. तो नंबर भारतातलाच. त्यावर आपण मेसेज पाठवला तर तो आपल्या नेहमीच्या मेसेजसारखा जातो, परदेशचा दर लागत नाही. रोमिंगवर आलेला मेसेज वाचायला बहुतेक कंपन्या पैसे घेत नाहीत, घेतात ते पाठवायला आणि बोलायला.

या इकडच्या सिमबद्दल थोडं जास्त बोलते, कारण नुकसान इथं मोठं होतं. बँकेचं खातं, आधार, गॅस, सगळं त्या जुन्या नंबराला जोडलेलं असतं. मुलगा परदेशी गेला, सिम ड्रॉवरमध्ये पडलं, रिचार्ज कशाला मारायचा म्हणून मारला नाही. सलग नव्वद दिवस त्या नंबराचा कसलाही वापर झाला नाही आणि खात्यात वीस रुपयेही नसले तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला देऊ शकते. मग बँकेचा ओटीपी त्या दुसऱ्या माणसाच्या फोनवर. तेव्हा ते सिम घरातल्या एका फोनमध्ये घालून ठेवा, अधूनमधून रिचार्ज मारा, किंवा मुलाला सांगा की बँकेत जाऊन नंबर बदलून घे. परदेशी राहणाऱ्यांच्या खात्यांना आता काही देशांचे नंबर यूपीआयसाठीही चालतात. अमिराती, सौदी, कतार, ओमान, अमेरिका, इंग्लंड असे दहा देश २०२३ च्या जानेवारीत त्यात घेतले. पण त्याला एनआरई किंवा एनआरओ खातं लागतं. ते बँकेतच विचारा, माझ्या दुकानात नको.

आता मराठीत लिहायचं की इंग्रजी अक्षरांत? माझं मत मराठीत. पण त्याचा हिशेब आधी ऐका, तो मजेदार आहे.

एक मेसेज म्हणजे एक छोटी पेटी समजा. पेटीत एक हजार एकशे वीस कप्पे. इंग्रजीच्या एका अक्षराला सात कप्पे लागतात, म्हणून पेटीत एकशे साठ अक्षरं मावतात. आपल्या मराठीच्या एका अक्षराला सोळा कप्पे लागतात, म्हणून मावतात सत्तरच. एकशे साठ हा आकडाही कुणीतरी बसून मोजला होता. फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १९८५ च्या सुमाराला टाइपरायटरवर साधी साधी वाक्यं टंकून बघितली, आणि माणसाचा निरोप बहुधा एवढ्यात उरकतो असं ठरवलं. पुढे ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुणानं पहिला मेसेज पाठवला, नाताळच्या शुभेच्छांचा. तोही कॉम्प्युटरवरून, कारण फोनवर मेसेज लिहायची सोयच तेव्हा नव्हती. या सगळ्यांनी हिशेब केला तो त्यांच्या अक्षरांचा. आपल्या काना-मात्रांचा विचार नंतर झाला.

आणि काना-मात्राही मोजल्या जातात बरं का. "की" हे आपल्याला एक अक्षर दिसतं, फोनला ती दोन: क आणि वेलांटी. "श्री" म्हणजे चार: श, पाय मोडल्याची खूण, र, वेलांटी. शब्दांमधली मोकळी जागासुद्धा एक. गटाच्या बैठकीत आम्ही फळ्यावर एक मेसेज लिहून मोजला: "आई बरी आहे. दवाखान्यातून घरी आणलं. काळजी नको. पैसे पोचले." मोजून सत्तावन्न. बसला पेटीत, तेरा जागा शिल्लक. घरातली सगळी खबर त्यात आली.

सत्तरच्या पुढे एकाहत्तरावं अक्षर गेलं की फोन दोन मेसेज करतो, आणि जोडून दाखवायला काही जागा स्वतः खातो, त्यामुळे प्रत्येकात सदुसष्टच मावतात. पैसे दोन मेसेजचे. फोनवर लिहिताना कोपऱ्यात आकडा कमी होत जातो, तो हाच. इंग्रजी अक्षरांत लिहिणाऱ्या मुलींनीही लक्षात ठेवावं, शेवटी एक हसऱ्या तोंडाचं चित्र टाकलंत की सगळा मेसेज मोठ्या अक्षरांच्या हिशेबात जातो आणि एकशे साठचे सत्तर होतात. ते हसणं पाच-दहा रुपयांना पडतं.

मग मराठी महाग असून मी मराठीत लिहा का म्हणते? कारण के, ए, एल ही तीन इंग्रजी अक्षरं लिहिली तर ती काल, काळ, कळ, कल यांतलं काहीही असू शकतं. घाईत, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला अंदाज करायला लावू नये. आणि जिला इंग्रजी येत नाही ती मराठीत लिहिली तर स्वतः लिहू शकते, कुणाच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही. मोठ्या फोनवर माइकचं बटण दाबून मराठीत बोललं तर फोन स्वतः लिहितो. पाठवण्याआधी वाचून मात्र बघा, आपल्या बोलीचं तो कधीकधी भलतंच करतो. समोरचा फोन जुना, तिकडचा घेतलेला असेल तर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसतात. पहिला मेसेज पाठवला की त्याला विचारून घ्या, वाचता आला का.

मराठीतही शब्द जपून निवडावे लागतात. आमच्या ओळखीच्या एका सुनेनं कतारला नवऱ्याला मेसेज केला, "आत्याबाई गेल्या." पंढरपूरला गेल्या होत्या, वारीला. तो माणूस सुट्टीसाठी मुकादमाच्या मागे लागला, सोबत्यांकडून तिकिटाचे पैसे गोळा करायला निघाला. तेव्हा कुठं फोन लागला आणि कळलं की आत्याबाई चंद्रभागेत आंघोळ करताहेत. आता सगळे हसतात, पण त्याची ती रात्र कशी गेली असेल? मेसेजमध्ये आपला आवाज जात नाही. त्यामुळे कोण, कुठं, कसं, हे स्पष्ट लिहायचं. "लगेच फोन कर" एवढंच लिहून सोडायचं तर अजिबात नाही. "लगेच फोन कर, सगळे बरे, सातबाऱ्याचं विचारायचं आहे" असं लिहा. पूर्वी दारात तार आली की आत काय आहे ते वाचायच्या आधीच गल्ली रडायला लागायची. तारखातं २०१३ च्या जुलैत बंद झालं. ती धास्ती मेसेजमध्ये कशाला आणायची?

वाट बघणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला जखमी सैनिकांची सेवा करायला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले. मधल्या वर्षांत घरच्यांना आधार होता तो पत्रांचाच, तेही युद्धाच्या दिवसांत. आपल्याला पाच रुपयांत, बहुतेक वेळा मिनिटाभरात निरोप पाठवता येतो.

वेळेचंही भान ठेवा. दुबई आणि ओमान आपल्या दीड तास मागे, सौदी, कतार, कुवेत, बहारीन अडीच तास मागे. आपल्याकडे रात्रीचे आठ म्हणजे सौदीत साडेपाच, कामावरून सुटायची वेळ. जर्मनी हिवाळ्यात साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करार केला आहे, तेव्हा आपल्यापैकी काहींना हा हिशेबही लागेल. मेसेज कधीही पाठवला तरी तो थांबून राहतो हे खरं, पण पहाटे तीनला वाजणारा फोन कुणालाही घाबरवतो.

आता जरा गंभीर बोलू. माणूस परदेशी गेला की पहिल्या आठवड्यात त्याच्याकडून एक मेसेज मागून घ्या: कंपनीचं पूर्ण नाव, राहण्याच्या जागेचा पत्ता, सोबतच्या एकदोघांचे नंबर. त्याच्या पासपोर्टचा नंबर आणि व्हिसाची झेरॉक्स जाण्याआधीच घरी ठेवा. मेसेज आल्या आल्या वहीत उतरवून काढा, कारण फोन पडतो, हरवतो. पगार थकला, पासपोर्ट काढून घेतला, अपघात झाला, अशा वेळी आपला माणूस कुठं आहे हे घरच्या बाईला सांगता आलं पाहिजे. "दुबईला आहे" एवढ्यावर वकिलातीला शोधता येत नाही. परराष्ट्र खात्याचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, त्याचा नंबर १८०० ११ ३०९०, इथून फोन करायला फुकट. सरकारच्या मदद या पोर्टलवरही तक्रार घालता येते, ते काम गावातली शिकलेली पोरगी करून देईल. पगाराबद्दल त्यानं लिहिलेले मेसेज पुसू नका. त्यावर तारीख-वेळ असते. "दोन महिने पगार नाही" असं फोनवर बोललेलं हवेत जातं, लिहिलेलं दाखवता येतं.

परदेशातून येणारा प्रत्येक मेसेज आपल्या माणसाचा असतो असंही नाही. "तुमच्या मुलाला पोलिसांनी धरलं आहे, सोडवायला पैसे पाठवा." "परदेशातून तुम्हाला भेट आली आहे, कस्टममध्ये अडकली, इतके भरा." असे मेसेज खेड्यापर्यंत येतात, आणि ज्या घरचं माणूस खरंच बाहेर आहे तिथं काळीज हलतं. अशा वेळी त्या नंबरला उत्तर द्यायचं नाही. वहीतल्या आपल्या माणसाच्या नंबरवर, किंवा सोबत्याच्या नंबरवर विचारायचं. मी तर म्हणते, जायच्या आधी घरात एक खुणेचा शब्द ठरवा. बैलाचं नाव, आजीचं माहेरचं गाव, जे बाहेरच्याला ठाऊक नसेल ते. पैसे मागणाऱ्या मेसेजात तो शब्द नसला तर एक रुपया द्यायचा नाही. अनोळखी परदेशी नंबरचा मिस्ड कॉल आला तर उलट फोन करायचा नाही, शिल्लक कापली जाते. आणि पैसे गेलेच तर रडत बसण्याआधी १९३० ला फोन लावायचा, जितका लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची आशा.

एक गोष्ट मला मनापासून खटकते, ती सांगते. कित्येक घरांत नवऱ्याचा मेसेज येतो सासऱ्याच्या नाहीतर दिराच्या फोनवर. तो आधी सगळ्या घरात वाचला जातो आणि मग, उरला तर, बायकोला सांगितला जातो. तिला त्याला काही लिहायचं असेल तर तिनं कुणाच्या हातानं लिहायचं? बटणाचा फोन फार महाग नाही. नवरा-बायकोच्या बोलण्याला घरातल्यांनी एवढी जागा द्यायला हरकत नसावी. आणि आपल्यातल्या ज्या शिकलेल्या आहेत, त्या दुसरीचा मेसेज वाचून देतात तेव्हा लिहिलंय तेवढंच वाचा, जसंच्या तसं, आणि तिथंच विसरा. गटाची शिल्लक जशी बाहेर बोलत नाही, तसंच हे.

येत्या महिन्याच्या बैठकीला ज्यांच्या घरचं कुणी बाहेर आहे त्यांनी फोन चार्ज करून आणा, आणि वहीसुद्धा. प्लस कसा उमटवायचा, नंबर कसे साठवायचे ते हातात फोन घेऊनच करू. ज्यांनी मघाशी देशांचे आकडे लिहून घेतले नाहीत, त्यांच्यासाठी पुन्हा सावकाश सांगते, पेन्सिल घ्या. अमिराती नऊ-सात-एक. सौदी नऊ-सहा-सहा. कतार नऊ-सात-चार. कुवेत नऊ-सहा-पाच. ओमान नऊ-सहा-आठ. बहारीन नऊ-सात-तीन. आधी प्लस, आणि पुढचं शून्य गाळून.